झाडांच्या नावाच्या विनाशिका

मोहोपाड्याहून समुद्र दिसत नाही. दिसतो माणिकगड, दिसतात रसायनीच्या कारखान्यांच्या चिमण्या, आणि जवळून वाहते पाताळगंगा. ही नदी खोपोलीकडून येते, आपट्यावरून पुढे जाऊन खारपाड्याच्या पुलाखालून धरमतरच्या खाडीला मिळते, आणि तिचे पाणी अखेर मुंबई बंदराच्या तोंडाशी पोहोचते. भर उन्हाळ्यातही ती आटत नाही, याचे कारण घाटमाथ्यावर आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवत्याच्या तलावांतले पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली आणायचे, खोपोलीच्या वीजघरातली चाके त्यावर फिरवायची आणि मग ते पाताळगंगेत सोडायचे, अशी टाटांची योजना फेब्रुवारी १९१५ मध्ये सुरू झाली. वीज गेली मुंबईच्या कापडगिरण्यांना. पाणी मिळाले खालापूरच्या नदीला.

त्याच वर्षी, होळीच्या आगेमागे, जपानच्या गोद्यांतून दहा लहान युद्धनौका एकामागून एक बाहेर पडत होत्या. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर तातडीने मागवलेल्या आणि अवघ्या काही महिन्यांत बांधून झालेल्या. त्यांची नावे झाडांची होती. मात्सु म्हणजे पाइन, उमे म्हणजे आलुबुखाऱ्याच्या जातीचे फुलझाड, काएदे म्हणजे मेपल, कुसुनोकी म्हणजे कापराचे झाड. आणि साकाकी, म्हणजे शिंतो देवळांत जिच्या डहाळ्या देवापुढे ठेवतात ती सदाहरित वनस्पती. ज्या गावाच्या नावातच मोहाचे झाड ऐकू येते, तिथल्या वाचकाला या नावांची ओळख व्हायला वेळ लागू नये.

खोपोलीचे वीजघर आणि या विनाशिका यांचा थेट संबंध काहीच नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच वाटेच्या दोन टोकांना उभ्या आहेत, आणि ती वाट कापसाची आहे. खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईत गाठी बांधून जहाजावर चढे आणि कोबे-ओसाकाच्या गिरण्यांत उतरे. जहाजे बहुतेक ब्रिटिश कंपन्यांची, भाडे त्या म्हणतील ते. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले आणि निप्पोन युसेन कैशा या जपानी कंपनीशी बोलून त्यांनी मुंबई-जपान अशी नवी जहाजसेवा उभी केली. पी अँड ओ कंपनीने भाडे मातीमोल करून टाटांना त्या धंद्यातून बाहेर काढले, पण जपानी कंपनी टिकली. दूरच्या समुद्रावर नियमित चालणारी जपानची ती पहिली सेवा होती, आणि तिचे दुसरे टोक मुंबई होते. व्यापारी जहाज जिथे जाते तिथे आज ना उद्या त्याची राखण करणारे जहाजही जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जपानी विनाशिकांची गोष्ट मराठीत सांगायची, तर तिचे दार इथे उघडते.

आधी विनाशिका म्हणजे काय ते पाहू. हा शब्द आता मराठी वर्तमानपत्रांत सरावाचा झाला आहे. माझगाव डॉकमधून नवी विनाशिका नौदलात दाखल झाली की पहिल्या पानावर छायाचित्र येते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत नौदलात आलेली आयएनएस सुरत सुमारे ७,४०० टनांची आहे. हे चित्र डोळ्यांपुढून पुसून टाकायला हवे. जपानने १८९० च्या दशकाअखेरीस इंग्लंडमधून घेतलेल्या पहिल्या विनाशिका सुमारे ३०० टनांच्या होत्या. पन्नास-पंचावन्न माणसे, पातळ पत्र्याची लांबट अरुंद काया, पुढे एक बरी तोफ, बाकी किरकोळ तोफा, आणि दोन नळ्या. त्या नळ्यांतून सुटणारा टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, हे तिचे खरे हत्यार.

नावाची कथाही तिथेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाणतीर सोडणाऱ्या छोट्या होड्यांनी सगळ्या आरमारांची झोप उडवली होती. कोट्यवधी खर्चून बांधलेली चिलखती युद्धनौका रात्रीच्या अंधारात मूठभर माणसांच्या होडीने बुडवावी, हे दर्यावर्दी सत्तांना परवडणारे नव्हते. म्हणून त्या होड्यांचा नाश करणारी, त्यांच्याहून थोडी मोठी आणि पुष्कळ वेगवान नौका निघाली. ती नाश करणारी म्हणून विनाशिका. पण तिच्याजवळही पाणतीर होतेच. लवकरच ती जिचा नाश करायची, तिचेच काम स्वतः करू लागली.

वेग ही तिची एकमेव ढाल. जपानच्या पहिल्या विनाशिका तासाला ३० ते ३१ सागरी मैल जात, म्हणजे साधारण ५७ किलोमीटर. त्या काळात समुद्रावर याहून वेगाने जाणारे फारसे काही नव्हते. हा वेग येत असे बॉयलरमधून. जुन्या बॉयलरमध्ये नळीतून आग जाई आणि भोवती पाणी असे. या नव्या बॉयलरमध्ये पाणी नळ्यांत आणि आग बाहेर. त्यामुळे वाफ झटकन चढे आणि वजन कमी राही. रसायनी-पाताळगंगेच्या पट्ट्यात बॉयलरवर आयुष्य काढलेली माणसे घरोघरी आहेत. वाफेचा दाब पाहत रात्रपाळी करणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगायला नको. फक्त ती पाळी डोलणाऱ्या, वाकणाऱ्या, पत्र्याच्या अरुंद खोलीत, फावड्याने कोळसा ओढत करायची, असे मनात आणावे. पूर्ण वेगात धावताना विनाशिकेचा खरा कस वरच्या तोफेपाशी नव्हे, तर खाली भट्टीपाशी लागत असे. युद्धाच्या कथांत भट्टीवाल्यांची नावे येत नाहीत. त्यामुळे आगीपाशी कोण होते, हा प्रश्न या विषयाच्या वाचकाने प्रत्येक लढाईच्या वेळी स्वतःला विचारावा.

जपानने सुरुवातीला सगळे विकत घेतले. यारो आणि थॉर्निक्रॉफ्ट या दोन इंग्रज गोद्यांकडून इकाझुची, मुराकुमो अशा जातीच्या विनाशिका आल्या. पण इथेच थांबण्याचा जपानचा विचार नव्हता. इंग्रजी नमुने समोर ठेवून योकोसुका आणि कुरे इथल्या सरकारी गोद्यांत हारुसामे जातीच्या सात विनाशिका बांधल्या गेल्या. रशियाशी युद्ध पेटल्यावर कामिकाझे जातीच्या बत्तीस मागवल्या, आणि त्या वेळी खासगी गोद्यांनाही कामाला लावले. १९११ मध्ये हजार टनांपुढची, टर्बाइनवर ३३ मैलांचा वेग घेणारी उमिकाझे तयार झाली. १९१७ पर्यंत चक्र पूर्ण फिरले होते. ज्या फ्रान्सकडून एकेकाळी जपान जहाजबांधणी शिकला, त्या फ्रान्सला जपानी गोद्यांनी बारा विनाशिका बांधून दिल्या. वीस वर्षांत ग्राहकाचा विक्रेता झाला. मुंबईत गिरण्या होत्या, भांडवल होते, कुशल कारागीर होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश आरमारासाठी सागवानी युद्धनौका बांधणारी वाडियांची परंपराही होती. तरीही पोलादी युद्धनौका बांधायची मुभा आणि मागणी पारतंत्र्यात मिळाली नाही. ही तुलना बोचते, आणि बोचायलाच हवी.

या विनाशिकांचे नाव जगभर झाले ते ८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री. युद्धाची रीतसर घोषणा होण्याआधी दहा जपानी विनाशिका पोर्ट आर्थर या रशियन आरमारी तळाच्या बाहेर नांगरलेल्या रशियन आरमारावर चालून गेल्या. अंधारात त्यांची फळी विस्कटली, दोघी एकमेकींवर आदळल्या. सोळाएक पाणतीर सुटले, त्यातले तीन लागले. त्सेसारेविच आणि रेत्विझान या दोन मोठ्या युद्धनौका आणि पल्लादा ही क्रूझर जखमी झाली. कायमची बुडाली एकही नाही; काही महिन्यांत तिघी पुन्हा उभ्या राहिल्या. जगाने या हल्ल्याची वाहवा केली, पण जपानी अधिकाऱ्यांना त्याने समाधान दिले नाही, आणि तसे वाटणे रास्त होते. रात्री, भीतीच्या भरात, दुरून सोडलेला पाणतीर फार क्वचित लागतो, हा धडा त्यांनी तिथे घेतला.

पुढचे महिने अधिक खडतर गेले. पोर्ट आर्थरच्या नाकेबंदीत पाणसुरुंगांनी दोन्ही बाजूंचे बळी घेतले. मे १९०४ मध्ये आकात्सुकी आणि सप्टेंबरमध्ये हायातोरी सुरुंगावर फुटून गेल्या. आकात्सुकी गेल्याचे जपानने लपवून ठेवले. ऑगस्टमध्ये चीनच्या चीफू बंदरातून रेशितेल्नी ही रशियन विनाशिका ओढून आणली गेली होती. तिलाच आकात्सुकी हे नाव देऊन ताफ्यात घातले. बुडालेली विनाशिका जणू परत आली. युद्ध संपल्यावर या दुसऱ्या आकात्सुकीचे नाव बदलून यामाबिको ठेवले. त्याचा अर्थ डोंगरातला प्रतिध्वनी.

आणि मग २७ मे १९०५, जपान आणि कोरिया यांच्यामधल्या समुद्रातली त्सुशिमाची लढाई. दिवसा जपानी सरसेनापती तोगोच्या मोठ्या युद्धनौकांनी रशियन आरमार मोडले. सूर्य मावळल्यावर वीसेक विनाशिका आणि त्यांच्या दुप्पट पाणतीर-होड्या उरलेल्या जहाजांवर तुटून पडल्या. पोर्ट आर्थरचा धडा त्या विसरल्या नव्हत्या. या वेळी त्या जवळ गेल्या, इतक्या जवळ की रशियन तोफांना खाली वाकून नेम धरता येईना. नावारिन हे मोठे जहाज त्या रात्री जवळजवळ सगळ्या माणसांसकट बुडाले. दुसऱ्या दिवशी साझानामी या विनाशिकेने बेदोवी या रशियन विनाशिकेला गाठले, तेव्हा तिच्यावर डोक्याला जखम झालेला खुद्द रशियन सरसेनापती रोझेस्तवेन्स्की सापडला. त्या रात्रीच्या विनाशिकांच्या एका तुकडीचा प्रमुख होता सुझुकी कांतारो. चाळीस वर्षांनी, १९४५ मध्ये, जपानने शरणागती पत्करली तेव्हा पंतप्रधान होता तोच.

त्सुशिमाने हिंदुस्थानात काय केले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या पत्रांनी ते युद्ध महिनोन्‌महिने डोळ्यांत तेल घालून पाहिले होते. युरोपातल्या बलाढ्य सत्तेला आशियातल्या एका राष्ट्राने समोरासमोर हरवले, ही गोष्ट पारतंत्र्यातल्या माणसाला श्वास मोकळा करणारी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात बंगालची फाळणी अमलात आली आणि स्वदेशीची हाक उठली. त्या हाकेत जपानचे उदाहरण वारंवार आले. तो आनंद खरा होता, त्याला आज नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण आपल्या स्मरणात जपानचे आरमार त्सुशिमापाशी थांबले, आणि त्यामुळे त्याच वर्षातली दुसरी एक तारीख हरवली. १२ ऑगस्ट १९०५. ब्रिटन आणि जपान यांच्यातला १९०२ चा मैत्रीचा करार त्या दिवशी नव्याने लिहिला गेला आणि त्याच्या कक्षेत हिंदुस्थान आणला गेला. ब्रिटनने कोरियातले जपानचे वर्चस्व मान्य केले; जपानने हिंदुस्थानच्या सरहद्दीवरचे ब्रिटनचे हितसंबंध मान्य केले. म्हणजे ज्या विजयाने मुंबईतल्या तरुणाला स्वातंत्र्याचे स्वप्न दिले, त्या विजयानंतर तीन महिने उलटण्याआधीच विजेता आपल्या राज्यकर्त्यांचा या देशापुरता भागीदार झाला होता. पाच वर्षांनी कोरिया जपानने गिळला. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापूरला हिंदी पलटणीने बंड केले, तेव्हा ते मोडायला जपानी क्रूझरवरचे खलाशीही किनाऱ्यावर उतरले. जपानच्या विनाशिकांविषयी जिव्हाळ्याने लिहिताना हे बाजूला ठेवता येत नाही. जिव्हाळा ठेवावा, आणि हेही ठेवावे.

आता ती वाट, जिथे या विनाशिकांचे सर्वांत मोठे काम झाले.

महायुद्धात जर्मन आणि ऑस्ट्रियन पाणबुड्या भूमध्य समुद्रात सुटल्या, तेव्हा सुएझवरून मुंबईकडे येणारा रस्ता धोक्यात आला. २१ डिसेंबर १९१५ ला पोर्ट सैदजवळ निप्पोन युसेन कैशाचे यासाका मारू यू-३८ या जर्मन पाणबुडीने बुडवले. त्यावरची माणसे वाचली. नऊ दिवसांनी त्याच यू-३८ पाणबुडीने क्रीटच्या दक्षिणेला पी अँड ओचे पर्शिया बुडवले. ते मुंबईलाच येत होते. काही मिनिटांत ते गेले, आणि तीनशेहून अधिक माणसे त्याबरोबर गेली.

अशा जहाजांवर कोण असे? वर पहिल्या वर्गात साहेब आणि संस्थानिक. पण जहाज चालवणारी माणसे आपली. पी अँड ओच्या रिवाजात डेकवर बहुधा कोकणचे खलाशी, त्यांच्यावर सारंग आणि तांडेल, खाली भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण, सलूनमध्ये गोव्याचे. कोकणातल्या खाड्यांकाठची कितीतरी घरे या पगारावर चालत. युद्ध मुंबईच्या दारातही आले होते. वुल्फ या जर्मन जहाजाने १९१७ च्या सुरुवातीला मुंबईबाहेर सुरुंग पेरले आणि त्या जूनमध्ये पी अँड ओचे मंगोलिया त्यावर फुटून बुडाले, मुंबईपासून पन्नासेक मैलांवर. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात नाहीशा झालेल्या खलाशांचे स्मारक आहे. तिथे दोन हजारांहून अधिक माणसांची आठवण राखली आहे. त्यांना समुद्राखेरीज कबर नाही.

ब्रिटनने जपानकडे विनाशिका मागितल्या, जपानने चीनमधल्या शांतुंगवरच्या आणि पॅसिफिकमधल्या जर्मन बेटांवरच्या आपल्या हक्काला पाठिंबा मागितला, सौदा ठरला. एप्रिल १९१७ मध्ये रिअर ॲडमिरल सातो कोझो यांच्या हाताखाली आकाशी ही क्रूझर आणि झाडांच्या नावाच्या आठ विनाशिका माल्टाला पोहोचल्या. नंतर आणखी चार आल्या. पहिल्या आठ सुमारे ६६५ टनांच्या, कोळसा आणि तेल दोन्ही जाळणाऱ्या, आपल्या देशापासून हजारो मैल दूर. त्यांना इथे कुणाच्या आरमारावर चालून जायचे नव्हते. सैनिकांनी भरलेल्या जहाजांच्या दोन्ही अंगांनी, नागमोडी वाटेने, लाटांत पाणबुडीचे परिदर्शक शोधत चालायचे होते. हे काम कंटाळवाणे असते. त्यात विजयाचा दिवस नसतो. बोट सुखरूप पोहोचली की सांगण्यासारखे काहीच घडलेले नसते.

४ मे १९१७ ला मात्र घडले. तीन हजारांहून अधिक माणसे घेऊन मार्सेय सोडलेले ट्रान्सिल्व्हेनिया हे सैनिकवाहू जहाज इटलीच्या सावोना किनाऱ्याजवळ यू-६३ च्या पाणतीराने फुटले. सोबत मात्सु आणि साकाकी होत्या. मात्सु सरळ बुडत्या जहाजाला जाऊन चिकटली आणि माणसे उतरवून घेऊ लागली. साकाकी भोवती घिरट्या घालून पाणबुडीला दाबून ठेवू लागली. दुसरा पाणतीर येताना दिसला. मात्सु मागे हटली, आणि तो ट्रान्सिल्व्हेनियाच्याच पोटात घुसला. चारशेच्या आसपास माणसे गेली, बाकी वाचली. पाणबुडी जवळ असताना थांबलेली विनाशिका म्हणजे समोर ठेवलेले लक्ष्य; हे ठाऊक असूनही मात्सु थांबली. पोर्ट आर्थरच्या रात्रीपेक्षा हा प्रसंग मोठा आहे, असे या विषयाकडे नीट पाहणाऱ्याला म्हणावेच लागेल.

पाच आठवड्यांनी पाळी साकाकीची आली. ११ जूनला क्रीटच्या परिसरातून माल्टाकडे परतताना ऑस्ट्रियाच्या यू-२७ पाणबुडीचा पाणतीर तिच्या नाळेत बसला. नाळेचा सगळा भाग नाहीसा झाला. कप्तान उएहारा ताइची यांच्यासह ५९ जण मरण पावले. उरलेले धूड तरंगत राहिले, ओढून बंदरात आणले गेले, दुरुस्त झाले. साकाकी पुन्हा समुद्रावर गेली आणि १९३२ पर्यंत आरमारात राहिली. तिच्या मृतांचे स्मारक माल्टात कालकाराच्या आरमारी दफनभूमीत आहे. १९२१ मध्ये युवराज असताना हिरोहितो तिथे गेले होते, २०१७ मध्ये पंतप्रधान शिन्झो आबे गेले.

युद्ध संपेपर्यंत या पथकाने ७८८ जहाजांना आणि सुमारे सात लाख सैनिकांना सोबत केल्याची नोंद आहे. दुसरा एक आकडा त्याहून बोलका आहे. भूमध्य समुद्रात ब्रिटिश विनाशिका आपल्या वेळेपैकी ६० टक्के काळ समुद्रावर असत, फ्रेंच ४५ टक्के; जपानी ७२ टक्के. त्या ७२ टक्क्यांत भट्टीवाल्यांच्या पाळ्या आहेत, बंदरात आल्या आल्या पुन्हा कोळसा भरण्याचे काळे दिवस आहेत, अर्धवट झोपा आहेत. जगाच्या इतिहासात या पथकाला तळटीप मिळते. मुंबईच्या वाटेवरच्या खलाशांच्या वारसांनी तरी त्याला पूर्ण पान द्यावे, एवढ्यासाठी हे लेखन आहे. मराठीत त्सुशिमा पुष्कळदा सांगून झाली. माल्टा अजून सांगायची आहे.

वाचकाने पुढे जाताना नावे मनात ठेवावीत. आधीच्या विनाशिकांची नावे आकाशाची आणि हवेची: वीज, धुके, पहाट, इंद्रधनुष्य. नंतरच्या मध्यम आकाराच्या विनाशिकांची नावे झाडांची. हल्ल्यासाठी बांधलेल्या नौका गडगडाटाच्या नावाने निघाल्या, आणि पहाऱ्याला गेलेल्या झाडांच्या नावाने. असे कुणी ठरवून केले नव्हते, नावे देण्याचा तो आरमारी नियम होता. तरी दोन पिढ्यांतला फरक त्यामुळे चटकन ध्यानात राहतो.

पहिली हकिकत लंडनच्या तेम्स नदीकाठी सुरू होते. १५ नोव्हेंबर १८९८ ला यारो यांच्या गोदीतून एक अरुंद, लांबट, ३०५ टनांची विनाशिका पाण्यात सरकली. तिचे नाव इकाझुची, म्हणजे मेघगर्जना.